पोळलेला वाफा

खुशालरावांनी मोबाइलमधल्या बैलाला पहिला प्रश्न विचारला, तो निव्वळ रिकामपणातून. मे महिन्याची दुपार होती. मोर्शीजवळच्या त्यांच्या रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली वांग्या-मिरचीचे गादीवाफे पेरून झाले होते, पाणीही देऊन झालं होतं. उन्हं कलेपर्यंत करायला काही नव्हतं. एरवी या वेळेला माणिकबाई फोन घेऊन बसायची. दिवाळीनंतर ती आठ दिवसांच्या दुखण्यानं गेली, आणि तेव्हापासून दुपार सरता सरत नव्हती.

माणिकबाई ज्यावर बसायची त्या ॲपचं नाव होतं ‘पवळ्या’. शेतकऱ्यांनी बोलून विचारायचं, ज्याला ठाऊक असेल त्यानं बोलून सांगायचं आणि ते सगळ्यांनी ऐकायचं, असं ते होतं. लिहायची भानगड नाही म्हणून तिला ते जमलं. बाळापूरहून कोणी विचारी, दर्यापूरहून कोणी विचारी. ही भाकरी थापता थापता उत्तर देई, त्यामुळे तिच्या बोलण्यामागं थपथप ऐकू यायची.

खुशालराव चिडवायचे, "गावभर अक्कल वाटून राहिली तू. आपली रोपं कोण घेईन मंग?"

"अक्कल वाटली तं कमी होते काय?" ती म्हणायची. "तुमची तं न वाटताच सरली."

त्या दुपारी त्यांनी पवळ्या उघडला तर आत माणसंच नव्हती. कोणाचं नाव नाही, कोणाचा आवाज नाही. नुसता एक शिंगं रंगवलेला, डोळ्यांवर चष्मा लावलेला बैल, आणि खाली लिहिलेलं, ‘विचारा’. खुशालरावांना नवल वाटलं. बटणाचा फोन सुटून बोटाचा आला, तो हाताला बसतो न बसतो तोच हा फोन स्वतःच बोलायला लागला होता.

त्यांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "वांग्याच्या बियाले राख कावून लावतात?"

बैल बोलला. आवाज पुरुषाचा, भाषा धुऊन इस्त्री केलेली. "नमस्कार. बियाणे हे बाळासारखे असते. त्याला आधी कोमट पाण्याने आंघोळ घालावी आणि नंतर राखेची पावडर लावावी."

खुशालराव बाजेवर उठून बसले. हे वाक्य माणिकबाईचं होतं. रोपं न्यायला आलेल्या प्रत्येक बाईला ती हेच सांगायची, आंघोळ आणि पावडर. बाजारात अनोळखी बाईच्या अंगावर आपल्या घरचं लुगडं दिसावं, तसं त्यांना झालं.

मग त्यांना नादच लागला. भेंडीचं विचार, कोहळ्याचं विचार, कारल्याचं विचार. काही उत्तरांत औषधांची लांबलचक नावं यायची, ती तिची नव्हती. पण मधूनच एखादं वाक्य असं यायचं की खुशालराव मांडीवर थाप मारून म्हणायचे, "हे तिचं!" कारल्याचं बी टोकाला जरासं फोडून रात्रभर ताकात भिजवायचं, हे तिचं. कोथिंबिरीचे धने चपलेनं रगडायचे, हेही तिचंच, फक्त बैलानं चपलेच्या जागी ‘कठीण वस्तू’ म्हटलं होतं.

शेजारच्या संत्र्याच्या बागेतले डोमाजी चहाला आले तेव्हा खुशालराव फोनशी बोलतच होते.

"खुशालराव, बैलासंगं काय बोलून राहिले?"

"बैल नाही बोलून राहिला. आमची बाई बोलून राहिली."

डोमाजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि गुपचूप चहा पिऊन घेतला. जाताना म्हणाले, "उन्हात टोपी घालत जा गड्या."

मिरचीचं विचारायचं खुशालरावांना सुचलं ते दुसऱ्या दिवशी. स्वतःचं बी अजून मातीतच होतं, पण बैल काय सांगतो ते ऐकायचं होतं. "मिरचीची रोपं बुडातून कोलमडून राहिली. काय करू?"

"रोपांना दोन पाने आल्यावर गोमूत्र पाण्यात मिसळून शिंपडावे," बैल म्हणाला. "गोमूत्र जितके जुने, तितके गुणकारी."

या वेळी खुशालरावांनी मांडीवर थाप मारली नाही. हेही माणिकबाईचंच होतं. पण हे तिनं परत घेतलेलं होतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. माणिकबाईनं पवळ्यावर हाच उपाय मोठ्या ऐटीत सांगितला होता आणि लोकांना तो फार आवडला होता. सांगून झाल्यावर तिनं स्वतःच्या वाफ्यावर तो केला. शिळ्या मुताचा जोर जास्त, पानं कोवळी. दोन दिवसांत पानं कडेकडेनं पिवळी पडली आणि अख्खा वाफा पोळला. त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि सगळ्यांना सांगितलं, "बायांनो, भावांनो, माझं ऐकू नका. माझा वाफा पोळला, तुमचा पोळू देऊ नका. पाच पानं आल्याबिगर शिंपडू नका, आन् शिळं तं बिलकुल नाही." लोक खूप हसले. तिचा भाऊ तर कितीतरी दिवस तिला ‘पोळलेली बाई’ म्हणत होता. पण त्या हंगामात कोणाचा वाफा पोळल्याचं ऐकू आलं नाही.

बैलाला पहिलं बोलणं ठाऊक होतं. दुसरं नव्हतं.

"हे चुकीचं हाय," खुशालराव फोनला म्हणाले.

"आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आपला दिवस शुभ असो."

त्यांना वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी खात्री करायला पुन्हा विचारलं. बैलानं पुन्हा तेच सांगितलं, जितके जुने तितके गुणकारी. त्यांनी मोठ्यानं सांगून पाहिलं, सावकाश सांगून पाहिलं. शेवटी म्हणाले, "अरे, मी माणिकबाईचा नवरा बोलून राहिलो!"

"नमस्कार," बैल म्हणाला, "मी आपली काय मदत करू शकतो?"

त्यांची मुलगी वर्षाली अमरावतीला असते. दुकानांच्या, शाळांच्या वेबसाइट बनवून देते. खुशालरावांनी तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाबा, कंपनीनं ॲप बदललं," ती म्हणाली. "इतकी वर्षं लोक जे बोलले थे सगळं त्यायनं मशीनले ऐकवलं. आता मशीन सांगते. लोकायचं जुनं बोलणं बंद करून ठेवलं. आपल्याले आता थे उघडता येत नाही."

"बोलणं लोकायचं, आन् कुलूप त्यायचं?"

"हो."

"आन् मशीन चुकलं तं?"

"तं कोणाले समजत नाही. पयले दहा जण चुकीचं बोलले तं अकरावा टोकत होता. आता एकच जण बोलते."

खुशालरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "इहिरीत पाखरू मरून पडलं तं वाकून पाह्यल्यावर दिसते तरी. नळात काय दिसते?"

"काय करायचं म्हणता?"

"वर्षाली, मिरचीच्या पेरण्या झाल्या. पंधरा दिवसांत साऱ्या वऱ्हाडात मिरचीले दोन पानं येतीन. तुह्या मायच्या सांगण्यानं लोकायचे वाफे जळतीन. थिचं नाव नसन त्यात, पण मले तं ठाऊक हाय ना."

कंपनीचं या भागातलं ऑफिस अकोल्याला होतं. बापलेक अमरावतीहून एसटीनं निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत खुशालराव वर्षालीला विचारत होते: मशीनले कान असतात काय, थे एकदा ऐकलेलं विसरते काय, त्याले खोटं आन् खरं कसं समजते. पहिल्या दोनांची उत्तरं तिनं दिली. तिसऱ्याला म्हणाली, "तेच तं कोणाले नीट समजलं नाही बाबा."

ऑफिस म्हणजे बियाण्यांच्या दुकानांच्या ओळीत, वरच्या मजल्यावरची एक खोली होती. तिथं किशोर नावाचा तिशीतला माणूस होता. त्यानं माठातलं पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग कॉम्प्युटरवर बराच वेळ काहीतरी पाहिलं.

"काका, काय झालं थे सांगतो," तो म्हणाला. "काकूंच्या पयल्या बोलण्यावर लय लोकायनं आवडलं म्हणून अंगठा दाबलेला हाय. दुसऱ्यावर लोक नुसते हसले. अंगठे नाहीच. मशीन अंगठे पाहून ठरवते, कोणतं बोलणं वजनदार."

"म्हंजे खरं बोललेलं हलकं झालं?"

"तसंच झालं म्हणा."

"मंग काढून टाक ना बाप्पा थे."

"माह्या हातात नाही. मी फक्त लोकायच्या तक्रारी वर पाठवतो. तुमची आत्ताच पाठवतो. पण वरून कधी होईन, सांगता येत नाही. खरीप सरेपर्यंतही होणार नाही कदाचित. खोटं कशाले बोलू?"

खुशालरावांना तो माणूस आवडला, पण काम झालं नव्हतं. ते उठायला लागले तेव्हा किशोर म्हणाला, "एक होऊ शकते. ज्याचं खातं, त्याले स्वतःचं बोलणं उतरवून, म्हंजे डाउनलोड करून, घेता येते. तेवढा नियम ठेवलेला हाय. पण काकूंच्या नंबरवर एक आकडा येईन, थो टाकावा लागते. नंबर तं बंद झाला असन?"

वर्षाली ‘हो’ म्हणणारच होती.

"चालू हाय," खुशालराव म्हणाले.

वर्षालीनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. "आईचा नंबर? कोण रिचार्ज करते?"

"मी करतो."

"कावून बाबा?"

"बंद करा म्हणून कोणी सांगतलं नाही," खुशालराव म्हणाले आणि पायात चपला घालायला लागले.

दुसऱ्या दिवशी वर्षाली लॅपटॉप घेऊन मोर्शीला आली. माणिकबाईच्या फोनवर आकडा आला, तो टाकला, आणि तिचं सगळं बोलणं एकामागून एक उतरत गेलं. वर्षालीनं मधलंच एक लावलं. आधी थपथप ऐकू आली, मग आवाज: "हां, बोला बाप्पा दर्यापूरवाले, काय म्हणते तुमची भेंडी?"

खुशालराव उठून जाळीखाली गेले आणि आत्ताच पाणी दिलेल्या वाफ्याला पुन्हा पाणी देत उभे राहिले. वर्षालीनं हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं ते परत आले आणि म्हणाले, "लाव पुढचं."

संध्याकाळपर्यंत त्यांना ते बोलणं सापडलं. माझा वाफा पोळला, तुमचा पोळू देऊ नका.

आता हे ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. वर्षालीनं दोन-तीन ॲपची नावं सांगितली. तिथं लोक पुष्कळ, म्हणाली.

"थे कोणाचे?"

"कंपन्यांचे."

"मंग तिथं बी उद्या बैल आणून बसवला तं?"

वर्षालीनं लॅपटॉप जवळ ओढला. जरा विचार करून ती म्हणाली, "आपलं स्वतःचं एक साधं पान करता येते बाबा. इंटरनेटवरच, पण कोणाच्या ॲपमधे नाही. कोणीबी, कुठूनबी उघडा. नाव सांगायचं नाही, नंबर द्यायचा नाही. ज्याले पाहिजे त्यानं उतरवून घ्यायचं. एकदा चार जणांनी उतरवून घेतलं तं आपल्यालेबी बंद करता येत नाही."

"इंटरनेट म्हंजे कंपन्यांचंच नाही काय?"

"नाही. अजून तरी नाही."

"कोणी बी नेईन म्हणतं. बैल बी नेईन?"

"बैलबी नेईन. असे मशीनं उघडी पानं वाचतच फिरतात."

खुशालरावांनी यावर बराच विचार केला. "नेऊ दे," ते म्हणाले. "पण आता दोन्ही बोलणे सोबतच ठेव. नेलं तं दोन्ही नेईन. आन् खाली जागा ठेव. कोणाले टोकायचं असन तं टोकता आलं पाहिजे."

वर्षाली पान बनवायला बसली. वर आईचं नाव घातलं, गावाचं नाव घातलं. मग थांबली. "पयले कोणतं लावू? बियाच्या आंघोळीचं लावते, सगळ्यांले आवडते थे."

"पोळलेल्या वाफ्याचं लाव."

"बाबा! आईचं इतकं चांगलं चांगलं हाय आन् पयले चूक?"

"मिरचीले दोन पानं येऊन राहिले."

"मामा म्हणतीन, बहीण गेल्यावर जगात फजिती केली."

"थिनं सोता सांगतलं तवा मामानं हसूनच घेतलं ना पोटभर? आता कशाची फजिती? मरायच्या आधी जे उघडं होतं, थे मेल्यावर कावून झाकायचं?"

वर्षालीनं तेच पहिलं लावलं. लावताना तिनं ते दोनदा ऐकलं आणि दुसऱ्यांदा तिलाही हसू आलं. "शिळं तं बिलकुल नाही," ती आईसारखं म्हणाली.

मोर्शीच्या बाजारात खुशालरावांनी ओळखीच्या प्रत्येकाच्या फोनवर ते पान उघडून दिलं. डोमाजींनी आपल्या संत्रावाल्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, ‘खुशालराव शहाणेच हायेत, माझीच गलती होती.’ बैल मात्र रोज तेच सांगत होता. खुशालराव रोज विचारून पाहत होते. राग येण्यापेक्षा त्यांना आता गंमत वाटायला लागली होती. इतक्या लोकांचं ऐकलेला हा प्राणी, आणि एका बाईनं कान धरून सांगितलेलं तेवढं त्याच्या कानात गेलं नव्हतं.

एका सकाळी माणिकबाईचा फोन वाजला. तो नंबरही वर्षालीनं पानावर टाकला होता. खुशालरावांनी घाबरतच उचलला.

"मी श्रावण बोलून राहिलो, बाळापूरकडून. माणिकबाईचंच घर हाय ना? बाईले द्या जरा."

खुशालराव उठून उभे राहिले. "बाई नाही," ते म्हणाले. "मी त्यायचा मालक. बाई दिवाळीनंतर वारल्या."

"नाही वो!" श्रावण म्हणाला. "काल तं ऐकल्या आमी. भाकरी करून राहिल्या होत्या."

"हो. जुनं हाय थे."

"दादा, मी पंप भरून वाफ्यावर उभा होतो. महिनाभर साठवलेलं मूत. बैल म्हणे जुनंच पाहिजे. तेवढ्यात आमची घरची धावत आली, म्हणे थांबा, हे ऐका. अन् बाई बोलल्या, माझा वाफा पोळला. हात जागच्या जागी राहिला माझा. पंप उकिरड्यावर ओतून आलो. मनलं, बाईले दोन शब्द बोलावं." तो थांबला. "आता तुमालेच बोलतो. रोपं उभी हायेत."

"कुठल्या जातीची मिरची?" खुशालरावांनी विचारलं. आणि मग दोघं मिरचीवरच कितीतरी वेळ बोलत राहिले. फोन ठेवून खुशालराव आपल्या मिरचीच्या वाफ्याकडे गेले. निदान एक वाफा तरी वाचला होता.

पानाखालच्या जागेत लोक हळूहळू बोलायला लागले. कोणी नमस्कार घातला, कोणी प्रश्न विचारला. आणि एक दिवस चांदूर रेल्वेच्या जाईबाई नावाच्या बाईनं टोकलं. आवाज खणखणीत होता.

"मी वेलभाज्या लावते. माणिकबाईंचं सगळं ऐकलं, लय कामाचं हाय. पण कारल्याचं थेवढं पटत नाही. ताकात कायले भिजवता? बी ओल्या फडक्यात बांधा अन् शेणखताच्या गरम ढिगात पुरून ठेवा. ताकवाल्याच्या दोन दिवस आधी मोड येते. नाही आला तं मले बोला."

खुशालरावांनी ते ऐकलं आणि त्यांचं डोकं तापलं. "लय शहाणी हाय!" ते वर्षालीला फोनवर म्हणाले. "तुह्या मायनं उभा जन्म कारल्याचं बी ताकात भिजवलं. काढ थे तिथून."

"काढू?" वर्षालीनं विचारलं. "टोकायले जागा ठेव म्हणून तुमीच म्हणाले होते ना?"

खुशालराव वाफ्यांच्या मधून चालायला लागले. फोन कानालाच होता. जाळीखाली पाणी ठिबकत होतं.

"राहू दे," ते शेवटी म्हणाले. "पण खरं बोलली काय थे पाहतो."

त्यांनी कारल्याच्या एकाच पुडीतलं बी दोन ठिकाणी केलं. अर्धं टोकाला फोडून रात्रभर ताकात घातलं आणि मग ओल्या पोत्याखाली ठेवलं, माणिकबाई ठेवायची तसं. अर्धं जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यात बांधून गोठ्यामागच्या शेणखतात पुरलं. मग त्यांना राहवेना. सकाळी उकर, दुपारी उकर. डोमाजी कुंपणापलीकडून म्हणाले, "आता शेणासंगं बोलून राहिले काय?"

"गप रे. परीक्षा चालू हाय."

फडक्यातल्या बियांना आधी मोड आले. पांढरे, जाड, वाकडे मोड. ताकातल्या बिया अजून नुसत्या फुगल्या होत्या. खुशालराव फडकं हातावर उलगडून उन्हात बसले आणि एकेक बी वळवून पाहिलं. वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. वाटलं नाही. माणिकबाई असती तर आत्ता हातातून फडकं ओढून घेतलं असतं आणि चांदूरला फोन लावून विचारलं असतं, किती खोल पुरता, ढीग किती जुना, झाकता कशानं.

खुशालराव आजवर त्या पानावर कधी बोलले नव्हते. सगळं वर्षालीच करायची. आज त्यांनी हात धोतराला पुसले, फोन तोंडाजवळ धरला आणि दोनदा खाकरले.

"चांदूरच्या जाईबाईंसाठी बोलून राहिलो. मी खुशालराव, माणिकबाईचा मालक. तुमचं बरोबर हाय. शेणखतातल्या बियाले पयले मोड आले. हे सगळ्यांनी ऐका, आन् ताकाचं बोलणं बी राहू द्या, म्हंजे दोन्ही समजते." ते थांबले, फडक्यात पुन्हा पाहिलं. "पण जाईबाई, खालच्या बाजूच्या दोन बिया कुजल्या. ढीग जास्त गरम झाला, की फडकं जास्त ओलं राहिलं, थे मले समजलं नाही. कोणाले ठाऊक असन तं सांगा. जाईबाईनंच सांगितलं पाहिजे असं नाही, कोणीबी सांगा."